उलट्या दोऱ्याची माशी

चांगल्या कामात माशी शिंकते म्हणतात. भिंगसाहेबांच्या बाबतीत माशी शिंकली नाही. ती त्यांना आधी गळावर बसवावी लागली, मग दोऱ्याने गुंडाळावी लागली, वर पिसं लावावी लागली, आणि हे सगळं सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर. जावयाने सासऱ्यासमोर काय काय करू नये याचं शास्त्र कुणी लिहिलं, तर 'हाताने करायची नवी गोष्ट शिकणे' हा त्यातला पहिला अध्याय असेल.

भिंगसाहेब हे त्यांचं बँकेतलं नाव. चेकवरची सही आणि बँकेने ठेवलेली नमुन्याची सही जुळते की नाही, हे बघणं त्यांचं काम. टेबलावर कायम एक जाड भिंग. खोटी सही त्यांच्या नजरेतून सुटल्याचं बँकेत कुणाला आठवत नव्हतं, आणि स्वारी नाकावर माशी बसू देत नाही, असाही लौकिक होता. पण हा दरारा बँकेच्या पायऱ्या उतरला की संपायचा. घरी ते नुसते 'जावईबापू' होते. हा शब्द सासरे अशा काही सुरात उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, या गृहस्थांना साधा दिवासुद्धा बदलता येत नसेल. खरोखरच येत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

सासूबाई गेल्यापासून सासरे लेकीकडे राहायला होते. सोबत एक लांब काठी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि मासे पकडणाऱ्यांच्या मंडळाचं सभासदत्व, एवढाच त्यांचा संसार. हे मंडळ मोठं सोवळं होतं. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावणाऱ्याला ते माणसात धरत नसत. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी तयार करायची, ती पाण्यावर अलगद टाकायची आणि माशाला माशी खरी वाटली तरच त्याला पकडायचं, असा त्यांचा धर्म. थंडीत नदीवर बंदी असे. तेवढे दिवस सभासदांनी घरी बसून पुढच्या हंगामाच्या माशा बांधायच्या, आणि त्याही स्वतःच्या हाताने. दुसऱ्याच्या हातची माशी आणली तर काठी खाली ठेवायची आणि काठावर बसून बाकीच्यांना चहा ओतायचा, असा नियम होता.

थंडी सुरू झाली आणि एका संध्याकाळी सासऱ्यांनी भिंगसाहेबांना खोलीत बोलावून दार लावून घ्यायला सांगितलं. समोर पत्र्याची डबी होती. डबीत एकच माशी होती.

"एवढीच उरली," सासरे म्हणाले. "हात थरथरतो माझा हल्ली. बांधता येत नाही. मंडळात कळलं, तर मला चहा ओतायला बसवतील. तुम्हाला जमणार नाही, ते मला माहीत आहे. पण दुसरं आहे कोण?"

एवढ्या प्रेमळ शब्दांत केलेली विनंती मोडवत नाही. शिवाय भिंगसाहेबांच्या मनात एक जुनी इच्छा होती. सासऱ्यांनी एकदा, फक्त एकदाच, आपल्या हातच्या कुठल्याही गोष्टीकडे बघून 'जमलं' म्हणावं. त्यांनी होकार दिला. कुणालाही सांगायचं नाही अशी शपथही घेतली, आणि पुढचा सगळा अनर्थ त्या शपथेने केला.

शिकवणीची सुरुवातच धक्कादायक होती. सासऱ्यांनी गळ धरून ठेवणारा छोटा शिकंजा टेबलाला लावला आणि सांगितलं, "हे घ्यायचं, असं धरायचं, मग ते आपलं असं असं फिरवायचं, आणि तसं झालं की सोडायचं." भिंगसाहेबांनी विचारलं, हे म्हणजे काय आणि तसं म्हणजे कसं? सासऱ्यांनी छताकडे बघितलं. मूर्खाला शिकवण्याची पाळी आलेला माणूस ज्या ठिकाणी बघतो, तिथेच त्यांनी बघितलं. भिंगसाहेबांचा अपमान झाला आणि तो गिळून त्यांनी खिशातलं भिंग काढलं.

'मक्षिकेच्या जागी मक्षिका' ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नकलणाऱ्या कारकुनाला मूळ कागदावर चिरडलेली माशी दिसली, म्हणून त्याने एक माशी मारून नकलेवर त्याच जागी चिकटवली. लोक ही गोष्ट हसण्यासाठी सांगतात. भिंगसाहेबांना मात्र तो कारकून मनातून फार आवडे. अशी माणसं बँकेत असती तर, असं त्यांना कित्येकदा वाटलं होतं. त्यांनी नमुन्याची माशी भिंगाखाली धरली आणि सहीचं वळण वाचावं तसा तिचा एकेक वेढा वाचायला घेतला. थोड्याच वेळात त्यांनी मान वर केली आणि सांगितलं की हा दोरा उलट्या अंगाने गुंडाळलाय. उजव्या हाताचा माणूस असा गुंडाळणार नाही.

सासऱ्यांचा चहाचा कप ओठांशी जाऊन थांबला. अगदी स्थिर थांबला, हेही भिंगसाहेबांच्या नजरेने टिपलं. पण सासऱ्यांच्या हाताची तपासणी करणं जावयाच्या अधिकारात बसत नाही.

"ती माझी पद्धत आहे," सासरे म्हणाले.

पद्धत म्हटल्यावर प्रश्न मिटला. भिंगसाहेब डाव्या हाताने दोरा फिरवायला शिकू लागले. पहिली माशी झुरळासारखी झाली, दुसरी दाढी करायच्या ब्रशसारखी. बँकेत त्यांनी एकदा डाव्या हाताने सही केली आणि स्वतःचीच सही नामंजूर करायची वेळ आली. पण हळूहळू बोटं वळायला लागली. एकदा जरा बरी जमलेली माशी त्यांनी बायकोला दाखवली. शपथ मोडायची नाही म्हणून आपला एक छंद आहे, एवढंच सांगितलं. बायकोने ती तळहातावर घेतली, बराच वेळ बघितली आणि काही न बोलता चहा टाकायला निघून गेली. याचा अर्थ नापसंती, असं भिंगसाहेबांनी ठरवलं. लग्नाला बरीच वर्षं झालेला नवरा बायकोच्या शांततेचा दुसरा अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही.

आता सामान हवं. पिसांसाठी आधी उशी फोडली. मग बायकोला कपाटं झटकायचा पिसांचा झाडू सापडला, पण त्यात पिसं नव्हती, नुसता दांडा होता. तरी पिसांचं एक वेळ भागलं. खरी अडचण केसांची होती. नमुन्याच्या माशीचं पोट तांबूस, मऊ आणि किंचित तेलकट केसांचं होतं. तसा रंग भिंगसाहेबांनी पुष्कळ शोधला, आणि एके दिवशी तो जिन्यातून खाली येताना दिसला. तो इमारतीच्या सेक्रेटरींच्या कुत्र्याच्या कानामागे होता.

भिंगसाहेबांना कुत्र्यांची भीती वाटे. तरीही ते रोज त्या कुत्र्याला कुरवाळू लागले. एका हाताने कुरवाळायचं आणि दुसऱ्या हातातली नखं कापायची कात्री चालवायची. कुत्र्याला हे प्रकरण फारच आवडलं. तो भिंगसाहेबांच्या दाराशी येऊन बसू लागला. सेक्रेटरींना या मैत्रीचं कौतुक वाटत होतं, पण तेवढ्यात त्यांना कुत्र्याच्या दोन्ही कानांमागे टक्कल दिसलं. ते घाबरून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, कातडीचा रोग असू शकतो, असले रोग माशांमुळेही पसरतात, घरात माशा झाल्यात का बघा.

नेमक्या त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी भिंगसाहेबांना जिन्यात गाठलं. संध्याकाळी दार लावून काय करता, हा प्रश्न त्या बरेच दिवस पोटात घेऊन हिंडत होत्या. भिंगसाहेबांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "काही नाही हो, जरा माशा..." आणि अडखळले.

"मारता?" काकू म्हणाल्या. "मारा, मारा. बँकेतल्या लोकांना दुसरं काय काम असतं म्हणा."

हा घाव वर्मी बसला. आणि तो भरून यायच्या आत मागून येणाऱ्या बायकोने नवऱ्याची बाजू घेतली. ते माशा मारत नाहीत, करतात, असं तिने काकूंना ठणकावून सांगितलं. काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. दिवे लागायच्या आत सगळ्या जिन्याला कळलं की वरच्या मजल्यावर दार लावून माशा तयार केल्या जातात आणि कुत्र्याचं टक्कल त्यातूनच उगवलं आहे.

तक्रार झाली. आरोग्य खात्याचा निरीक्षक पाठीवर फवारणीचा पंप अडकवून दारात उभा राहिला. मागे सेक्रेटरी, काकू आणि तोंडाला रुमाल लावलेले इतर रहिवासी. निरीक्षकाने विचारलं, माशा कुठे आहेत. भिंगसाहेब म्हणाले, डबीत. जिवंत आहेत का? नाहीत. मेल्या कधी? जगल्याच नाहीत, मी बांधल्यात. निरीक्षकाने लेखणी थांबवली. माशा असणं, होणं आणि पसरणं यावर काय करायचं ते त्याच्या नियमांत होतं. बांधणं कुठेच नव्हतं. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "पण का?"

शपथ घशाशी आली होती. भिंगसाहेबांनी मोठ्या आशेने सासऱ्यांकडे बघितलं. सासरे पुढे झाले, निरीक्षकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या कपाळाशी नेऊन गोल फिरवलं. "जावई आहेत माझे," ते म्हणाले. "तसा काही त्रास नाही त्यांचा."

निरीक्षकाचे डोळे पाणावले. घरात माशा नाहीत, असं लिहून तो फवारणी न करता निघून गेला. त्या दिवसापासून इमारतीतली माणसं भिंगसाहेबांशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागली. काकूंनी तर डोक्याला चोळायचं तेल पाठवलं. भिंगसाहेब इतके हादरले होते की त्यांनी ते चोळलंही. नोकरीत एक डाग न लागलेला माणूस, आणि आता सेक्रेटरी त्याला बघून कुत्र्याला कडेवर घेत होते.

यावर कडी म्हणजे गळ लागला. थंडी सरत आली होती, काम शेवटच्या माशीपर्यंत आलं होतं, आणि सासरे चूक दाखवायला वाकले. 'असं नाही, असं' म्हणताना त्यांच्या लोकरी स्वेटरच्या बाहीत गळाचं एक टोक गेलं. भिंगसाहेबांनी ते सोडवायला अंगठा घातला आणि अंगठाच अडकला. गळाची करामत अशी की आत जाताना तो लोण्यासारखा जातो आणि बाहेर येताना माणसाचा जीव काढतो. बाही कापू, असं बायकोने सुचवलं. सासरे म्हणाले, हा स्वेटर तुझ्या आईने विणलाय, याला कात्री लागणार नाही.

जवळचा दवाखाना कोपऱ्यावरच होता. पण तो दंतवैद्यांचा, आणि दंतवैद्य म्हणजे मंडळाचे अध्यक्ष; अंगठ्यातली माशी बघताच त्यांना सगळं कळलं असतं. तेव्हा त्यांच्या खिडकीसमोरून दुसऱ्या डॉक्टरकडे चालत जायचं ठरलं. दोघांनी कधी एकमेकांना साधा हातही लावला नव्हता. ते आता हातात हात घालून भर रस्त्याने निघाले. समोरून बँकेचे व्यवस्थापक आले, दोघांकडे बघून गहिवरले आणि टोपी काढून बाजूला झाले. दंतवैद्यांनी खिडकीतून हात हलवला. सासऱ्यांनी मोकळा हात हलवला. भिंगसाहेब हसले आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना ते प्रेमाचं वाटलं. अंगठ्यातून गळ निघाला तेव्हा तरी सासरे काही बरं बोलतील, अशी त्यांची अपेक्षा होती. सासऱ्यांनी आधी स्वेटर तपासला.

हंगाम उघडला त्या सकाळी नदीकाठी चांगलाच गारठा होता. मंडळाचे सभासद ओळीने उभे होते. बायको थर्मास घेऊन आली होती. रिवाजाप्रमाणे दंतवैद्य प्रत्येकाची डबी उघडून माशा तपासत होते, तोंडात घालायच्या त्या छोट्या आरशाने. गंमत म्हणजे बहुतेकांच्या डब्या जवळपास रिकाम्या होत्या. कुणी म्हणे वेळ झाला नाही, कुणी म्हणे गेल्या हंगामात नदीतच दम नव्हता, बांधायच्या कुणासाठी? मग सासऱ्यांची पाळी आली. डबी उघडली. ती काठोकाठ भरलेली होती. दंतवैद्यांनी एक माशी उचलली, आरसा मागेपुढे केला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते जवळच्या दगडावर बसले.

"ही कुणी बांधली?"

"मी," सासरे म्हणाले.

"दोरा नवा आहे."

"याच थंडीतला."

दंतवैद्यांनी माशी पुन्हा आरशासमोर धरली. "वहिनींना जाऊन हा दुसरा हंगाम. मग ही त्यांच्या हातची माशी आली कुठून?"

भिंगसाहेबांच्या पायाखालची वाळू सरकली. सासऱ्यांनी मान खाली घातली. त्यांचा हात कधी थरथरलाच नव्हता. त्यांनी जन्मात एकही माशी बांधली नव्हती. संबंध थंडीभर भिंगसाहेब सासऱ्यांची नव्हे, सासूबाईंची सही गिरवत बसले होते. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "आई डावखुरी होती. सह्या तपासता ना तुम्ही?"

एवढ्यावर मिटलं असतं, पण मंडळात एक निवृत्त पोस्टमास्तर होते आणि आयुष्यभर पत्ते वाचून त्यांना नेमकं विचारायची खोड जडली होती. त्यांनी विचारलं, "पण अध्यक्ष, वहिनींचा हात तुम्ही कसा ओळखलात?"

दंतवैद्यांनी जीभ चावली. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या डबीकडे वळल्या. त्यांनी ती पाठीमागे लपवली आणि उलट पोस्टमास्तरांनाच डबी उघडायला सांगितली. पोस्टमास्तरांना अचानक खोकला आला. शेवटी मंडळातले शिंपी पुढे झाले. जन्म सुईदोऱ्यात गेलेला माणूस. त्यांनी डबी उघडून सगळ्यांसमोर धरली. "गळ टोचतो हो मला," ते म्हणाले. तळाशी दोन जुन्या माशा होत्या. दोरा उलटा. मग एकामागून एक सगळ्या डब्या उघडल्या. प्रत्येकीत एखाददुसरी झिजलेली माशी उरली होती आणि प्रत्येकीचा दोरा उलटा होता. सारं मंडळ एकमेकांकडे बघत राहिलं. आपण एकटेच चोर, असं समजून प्रत्येकाने आजवर दुसऱ्यांच्या हातचं कौतुक केलं होतं.

सर्वांत मोठा धक्का सासऱ्यांना बसला. "मला म्हणायची, दुपारी जरा शिवण करते," ते म्हणाले. "आणि सांगायची, तुमच्या माशा मी बांधते हे त्या लोकांना कळू देऊ नका, हसतील."

"आम्हाला सांगायच्या, ह्यांना कळू देऊ नका," दंतवैद्य म्हणाले. "वाईट वाटेल त्यांना."

सासरे डबीकडे बघत होते. त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला, आणि ते हसताहेत की रडताहेत हे कळेपर्यंत दोन्ही सुरू झालं होतं. बायकोने बापाच्या पाठीवर हात ठेवला. शिंप्यांनी डोळे पुसले. पोस्टमास्तर मात्र नियम विसरणारे नव्हते. त्यांनी घसा साफ करून आठवण दिली की स्वतःच्या हातची माशी असेल त्यानेच गळ टाकायचा. काठावर असा माणूस आज एकच होता, आणि तो मंडळात नव्हता. तेव्हा भिंगसाहेबांना सभासद करून घेऊन हंगाम त्यांच्याच हातून उघडावा. बाकीचे काठावर बसतील आणि चहा पितील.

भिंगसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी काठी कधी उचललीही नव्हती. नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या पायांत सासऱ्यांचे बूट चढवले गेले आणि ते पाण्यात उभे राहिले. मागून सासऱ्यांनी त्यांचा पट्टा धरला. पहिल्या झटक्यात दोरी पोस्टमास्तरांच्या टोपीत गेली. दुसऱ्यात झुडपात. तिसऱ्यांदा ती कशी कोण जाणे सरळ गेली, माशी पाण्यावर टेकली, जराशी तरंगली, आणि पाणी फुटलं. काठी वाकली. भिंगसाहेबांनी घाबरून ती दोन्ही हातांनी गच्च आवळली आणि मागे खेचली. ताड्दिशी दोरी तुटली. एवढा मोठा मासा शेपटीचा फटका मारून माशीसकट निघून गेला.

भिंगसाहेबांनी डोळे मिटून घेतले. आता 'जावईबापू' ऐकू येणार, त्याच सुरात. एका थंडीत गेलेली अब्रू, अंगठा, उशी, सगळं त्या एका शब्दात बुडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अरे, माशी घेतली त्याने," मागून सासऱ्यांचा आवाज आला, चिरकलेला. "बघत काय राहिलास? दुसरी बांध."

भिंगसाहेबांनी वळून बघितलं. सासरे त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते पाण्याकडे बघत होते आणि डबी पुढे करून उभे होते. भिंगसाहेबांनी माशी घेतली, पण हात इतके कापू लागले की दोरीचं टोक गळाच्या नेढ्यात काही केल्या जाईना. तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या हातातली माशी घेऊन दोन बोटांत घट्ट धरली.

"ओव," ते म्हणाले. "सावकाश. मी धरलंय."